चावीवाल्याचं इंदूर

शिवाकाकांना पत्ता विचारू नये. ते सांगत नाहीत असं नाही; फार सांगतात. "हिंदमाताकडून सरळ ये, तीन चाव्या सोड, चौथ्या चावीला डावीकडे वळ," असा तो पत्ता असतो. चाव्या म्हणजे रस्त्याखालच्या पाण्याच्या चाव्या, लोखंडी झाकणाखाली असतात त्या. तुम्हाआम्हाला त्या दिसत नाहीत आणि शिवाकाकांना दुकानं दिसत नाहीत. एकदा आम्ही दोघं परळ नाक्यावरून लालबागला चालत गेलो. वाटेत सोन्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं, सनई वाजत होती, पेढे वाटत होते. शिवाकाका मान खाली घालून म्हणाले, "ह्या झाकणाच्या कडेचं सिमेंट कोणी उखडलं?" पेढा मी एकटीनेच खाल्ला.

शिवराम घाडीगावकर, वय वर्षं अठ्ठावन्न, हुद्दा चावीवाला, गेल्या मे महिन्यात पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त. खांद्याएवढी उंच लोखंडी चावी घेऊन हा माणूस चौतीस वर्षं पहाटे साडेतीनला घराबाहेर पडला आणि ठरल्या मिनिटाला एकेका गल्लीचं पाणी सोडत गेला. आमच्या चाळीचं पाणी पावणेपाचला येतं आणि सव्वासहाला जातं. आमची गल्ली त्यांच्याच चावीवर होती. पण गणपतीत घराघरात पंधरा-पंधरा पाहुणे उतरलेले असतानाही त्यांनी कधी एक मिनिट वाढवून दिलं नाही. "आज आपल्या गल्लीक दिलंय, तर बाकीच्यांनी काय पाप केल्यानी?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एरवी ते साधं मुंबईचं मराठी बोलतात, पण तत्त्वाची गोष्ट आली किंवा मन भरून आलं की मालवणीवर उतरतात. तत्त्व त्यांचं आणि त्यावरचे बायकांचे टोमणे मात्र कमलकाकीच्या वाट्याला.

कमलकाकी म्हणजे त्यांची बायको. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहते. मधली भिंत लाकडी फळ्यांची, त्यामुळे त्यांच्या संसारातलं मला जरा जास्तच माहीत आहे. मी अनुजा, दादरला एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसते. गॅलरीत मला तापट म्हणतात, ते खरं आहे. दिवसभर दुखणाऱ्या लोकांशी गोड बोलायचं, मग घरी येऊन थोडं तरी कडू बोलायला नको?

आमचा मजला तिसरा. खोलीतल्या मोरीत नळ आहे, पण तो शोभेचा. पाण्याला वर चढायचा दमच नसतो. पुनर्विकास होणार, होणार म्हणून खालची टाकी कोणी दुरुस्त करत नाही. मग गॅलरीच्या टोकाच्या एका नळावर सगळ्यांनी रांग लावायची. कमलकाकीचा नेम असा होता: सव्वातीनला उठून काकांना चहा, ते गेले की केर-भांडी, पावणेपाचला नळावर. एक पिंप, दोन हंडे, चार कळशा. काका आठला घरी यायचे तेव्हा पिंप काठोकाठ भरलेलं, वर स्वच्छ फडकं. ते पाणी पिंपात कसं गेलं, हे पाणी सोडणाऱ्या माणसाने कधी विचारलं नाही. सुटलं म्हणजे भरलं, एवढी सरळ समजूत. निवृत्त झाल्यावर तर ते सात वाजेपर्यंत झोपायला लागले. त्यांचं घोरणं फळीपलीकडून मला ऐकू येतं. काकीचं उठणं फक्त सव्वातीनवरून साडेचारवर आलं. चहा वाचला, नळ वाचला नाही.

आणि सुट्टी? सुट्टी म्हणजे गाव. शिमगा, मे महिना. गावाला नळ नाही, विहीर आहे. म्हणजे बघा, इथे रांगेत उभं राहून पाणी भरायचं आणि सुट्टीला गेलं की ओढून भरायचं. लग्नानंतर दोघं देवीच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा सोबत चौदा माणसं आणि एक बोकड होता. तेहतीस वर्षांत दोघंच असे ते कुठे गेले असतील तर ते रेशनकार्डावर नाव लावायला.

म्हणून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची मुलगी मनवा कळव्याहून आली आणि म्हणाली, "आई-बाबा, ह्या थंडीत तुम्ही दोघंच फिरून या. तीन दिवस. एखादं छान शहर बघा, खा, फिरा. माझ्याकडून."

मग काका म्हणाले, "दोघंच म्हणजे? कोण कोण?"

मनवाने कपाळाला हात लावला. जाताना माझ्या दारात येऊन म्हणाली, "अनुताई, तू बघ गं जरा. तिकीट, हॉटेल, सगळं. बाबांवर सोडलं तर ते दोन गाड्या करून अख्खी चाळ नेतील."

दुसऱ्या दिवशी नळावर मी काकीला विचारलं, "कुठे जायचंय?" तिने मागे-पुढे बघितलं. रांगेत रखमाआजी होती. ही आमच्या नळाची मुख्यमंत्री, कोणाची कळशी कोणाच्या मागे हे तीच ठरवते. तिला ऐकू कमी येतं ही तिने स्वतःच पसरवलेली अफवा आहे. काकीने मला कठड्याकडे ओढलं.

"कुठेही चालेल गो. फक्त तिथे आपलं कोणी नको. नणंद नको, भाचा नको, गाववाला नको. आपलं कोणी असलं की त्यांच्या ओट्यापाशी उभं राहावं लागतं."

"आणि?"

"आणि काही नाही." मग पदर तोंडाला लावून ती हसली. अठ्ठावन्नला टेकलेल्या नवऱ्याची बायको, पण हसली ती नव्या नवरीसारखी. "मला सकाळी उठायचं नाही. जाग येईल तेव्हाच उठायचं. दोन सकाळी. बस."

"एवढंच? मग सांगून टाक ना काकांना."

"नको गो बाई! एवढ्या लांब जाऊन झोपायचं, लोक हसतील. आणि ह्यांना सांगितलं तर हे टायमिंग लावून झोपवतील मला. शपथ घे, सांगणार नाहीस." मी नळाची शपथ घेतली. नळाची शपथ आमच्याकडे मोडत नाहीत.

आता काकांची मोहीम सुरू झाली. आपलं कोणी नसलेलं शहर शोधायचं. पुण्यात त्यांची बहीण, नाशिकला काकीचा मावसभाऊ, कोल्हापूरला खात्यातला जुना मुकादम. बडोद्याला गाववाला, हैदराबादला गाववाल्याचा मुलगा. कोकणातला माणूस कुठे नसतो ते सांगा. दोन संध्याकाळी ते गावकऱ्यांच्या मंडळाच्या कार्यालयात बसून प्रत्येकाला विचारत होते, "इंदूरला कोण आहे का आपलं?" तिसऱ्या संध्याकाळी तोंड पाडून आले.

"इंदूरला आपलं कोणीच नाही," ते म्हणाले. कोणाच्या तरी मयताची बातमी आणावी तसे.

"मग तेच," काकी म्हणाली, आणि आत जाऊन कांदा चिरायला लागली. चिरता चिरता ती काहीतरी गुणगुणत होती. फळीपलीकडून तिचं गुणगुणणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिकिटं मी काढली. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळची गाडी, सकाळी इंदूर. खालचे दोन्ही बर्थ मिळाले, तेव्हा मला वाटलं, झालं, जिंकलं. हॉटेलांची यादीही मीच काढून दिली. फोन मात्र काकांनी स्वतः करायचं ठरवलं. मी नको म्हणायला हवं होतं. पण माणूस निवृत्त झाल्यापासून रिकामा बसून होता, म्हटलं करू दे.

गॅलरीत स्टूल टाकून, चष्मा लावून, फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी पहिल्या हॉटेलवाल्याला विचारलं, "पानी का टायमिंग क्या है?"

"सर, चौबीस घंटे."

"किधर से आता है?"

"नल से, सर."

"नल में किधर से आता है?"

पलीकडचा गोंधळला. काकांनी फोन ठेवला. "खोटारडो," ते म्हणाले. "चोवीस तास पाणी कुठेच नसतं. नर्मदेचं पाणी लांबून पंप करून आणतात इंदूरला, मी माहिती काढलीय. हा मला सांगतो चोवीस तास. चौतीस वर्षं काय मी झोपा काढल्या?"

असे पाच हॉटेलवाले खोटारडे ठरले. सहावा कोणी भला माणूस होता, तिथल्या सराफा बाजाराजवळचा. तो म्हणाला, "बाबूजी, सच बोलूँ? गरम पानी सुबह साढ़े पाँच से सात. बाल्टी मिलेगी. उसके बाद नहीं मिलेगा." काकांचा चेहरा उजळला. आपल्या जातीचा माणूस भेटला! दोघं पंधरा मिनिटं पाण्याच्या दाबावर बोलले. खोली तिथेच ठरली.

रविवारी काकांनी वेळापत्रक वाचून दाखवलं. ड्युटीच्या जुन्या वहीत, आपल्या सरळसोट अक्षरात, चोवीस तासांचं केलेलं. गॅलरीत सात-आठ जणी होत्या, त्यांच्यासमोर खडा आवाज लावून. "पाच पंधरा, उठणे. पाच तीस, गरम पाणी, दोन बादल्या, कमल भरून घेईल. सहा, आंघोळी. सहा चाळीस, चहा. सात, राजवाड्याकडे प्रस्थान." बायका वा वा करत होत्या. मी काकीकडे बघत होते. 'कमल भरून घेईल'पाशी तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसून गेलं. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "मला नाही यायचं. तिकिटं परत करा."

काकांना काही कळेना. इंदूर नको तर जयपूर? थंडी बाधेल का? गाडीची भीती वाटते का? काकी एकच उत्तर द्यायची, "काही नाही. इथे काय वाईट आहे?" चार दिवस घरात मुकाट्याने जेवणं झाली. मनवा फोनवर रडकुंडीला आली. पाचव्या दिवशी संध्याकाळी काका माझ्या दारात आले. हातात ती वही.

"अनू, तू तरी सांग. ह्यात काय चुकलं? राजवाडा लवकर होतोय का?"

आणि माझं डोकं फिरलं. नळाची शपथ मोडली ती तेव्हा.

"काका, तिला राजवाडा नकोय. तिला झोप हवीय!"

"झोप? ती तर इथेही मिळते."

"कधी? टायमिंग सांगा. तुम्ही झोपता कधी?"

"साडेआठ."

"आणि ती?"

"ती... तिची भांडी असतात. मग मनवाचा फोन. मला नक्की माहीत नाही गो."

"उठते कधी?"

"मला चहा द्यायची सव्वातीनला."

"आणि आता? मे महिन्यापासून?"

काकांची नजर वहीत गेली.

"चौतीस वर्षं पाणी तुम्ही सोडलंत. भरलं कोणी? लग्न झाल्यापासून तिने कधी उजेडात डोळे उघडले नाहीत. तिने मागून काय मागितलं, तर दोन सकाळी. आणि तुम्ही तिला इंदूरला नेऊन पाच पंधराला बादल्या भरायला लावताय!"

ते स्टूलवर बसले. बराच वेळ वहीची पानं उगाच मागे-पुढे करत राहिले. "माका कोणी सांगूक नाय," ते म्हणाले.

"दिसलंही नाही?"

ह्यावर ते उठून गेले. मी जास्तच बोलले असं मला वाटलं, पण अर्धा तासच.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर गेले तर रांगेत शिवाकाका. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, दोन्ही हातांत कळशा. मग चौतीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं.

"काका, आज दाब कमी का?"

"काका, दोन मिनिटं वाढवून द्या ना!"

"बाकीच्यांनी काय पाप केल्यानी?" कोणीतरी त्यांचाच आवाज काढला, आणि अख्खी गॅलरी हसली. काकाही हसले. ते सरळ नळापाशी निघाले तशी रखमाआजी ओरडली, "ए चावीवाल्या, मागे हो! रस्त्यावर तुझी चावी. हय माझी." ते निमूट मागे जाऊन उभे राहिले.

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी धारेखाली बोट धरलं. करंगळीएवढी धार. "एवढीच?" त्यांनी मला विचारलं. "मी तर पूर्ण खोलत होतो."

"खाली पूर्ण असते. वर येईपर्यंत एवढीच उरते."

"रोज?"

"रोज."

स्वतः सोडलेलं पाणी आपल्या घरी कसं येतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग ते गुमान भरत राहिले. कळशी कमरेवर घेता येईना, खांद्यावर घेतली तर अर्धी मफलरवर सांडली. रखमाआजीने हात धरून शिकवलं. तेवढ्यात काकी दारात आली, केस विस्कटलेले, घाबरलेली. "अहो, द्या इकडे ती! लोक काय म्हणतील?"

"लोक रांगेत उभे आहेत, विचार त्यांना," काका म्हणाले. "तू जा. झोप."

काकी आत गेली. आणि सांगते तुम्हाला, त्या पहाटे गॅलरीतल्या बायकांनी भांडी जपून ठेवली, एकीचंही भांडं वाजलं नाही. एरवी आमच्याकडे पितळ वाजवल्याशिवाय दिवस उगवत नाही.

काकांनी त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही. तिसऱ्या दिवशी काकीने तिकिटं परत करू नका म्हणून सांगितलं. सगळं छान चाललं होतं, पण एका दुपारी ती माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "अनू, मला झोपच येत नाही गो."

"म्हणजे?"

"पडून असते. ह्यांना वाटतं झोपलेय, म्हणून डोळे मिटून पडते. पण कान नळावर. धारेचा आवाज बदलला की कळतं, हंडा भरत आला. मग मनात दुसरा लावते. ते झोपायचं यंत्रच बिघडलंय वाटतं माझं." ती हसली, पण ह्या वेळी पदर तोंडाला लावला नाही. "इंदूरला जाऊन पण असंच झालं तर? ह्यांना किती वाईट वाटेल."

मी ते काकांना सांगितलं. एक शपथ मोडल्यावर दुसरीची काय भीती? वाटलं होतं ते खचतील. ते उलट ताठ बसले. हा प्रश्न त्यांच्या खात्यातला होता.

"आवाज," ते म्हणाले. "पाण्याचा आवाज येता कामा नये."

त्यांनी आधी सराफ्याजवळच्या त्या खऱ्या माणसाला फोन करून त्याची क्षमा मागितली आणि खोली सोडली. मग पाच खोटारड्यांपैकी तिसऱ्याला लावला. पुन्हा स्टूल, पुन्हा स्पीकर. मी आत जाऊन कानात बोटं घालणार होते, पण ऐकत उभी राहिले.

"टंकी किधर है? छत पे? कौनसा कोना?"

"सर, आपको व्यू वाला रूम चाहिए?"

"व्यू नको. पाइप कहाँ से उतरता है, वो बताओ. मोटर कितने बजे चालू करते हो? उसके बगल का कमरा नहीं चाहिए. नीचे का भी नहीं. बाजूवाला बाथरूम अपने दीवार को लगके है क्या?"

मॅनेजर बिचारा शेवटी म्हणाला, "सर, आप इंजीनियर हैं?"

"चावीवाला," काका म्हणाले. त्या शब्दात एवढा रुबाब मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी त्या माणसाकडून इमारतीच्या मागच्या भिंतीचे फोटो मागवले. पाइपांचे. मोठे करून, बोटाने रेघा ओढत, तीन दिवस अभ्यास केला. लोक तलाव दिसेल अशी खोली मागतात; ह्यांनी पूर्वेच्या टोकाची, टाकीपासून सगळ्यात लांबची, रस्त्याकडे पाठ असलेली खोली निवडली, जिच्या खिडकीतून शेजारच्या गोदामाची भिंत दिसते. मॅनेजरने ती आनंदाने दिली, कारण ती कोणीच घेत नाही म्हणे. वेळापत्रकही नवीन झालं. त्यात पहिल्या रकान्यात 'उठणे' लिहिलं होतं आणि वेळेची जागा कोरी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वहीत रकाना कोरा राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तो तिचा."

निघायच्या दिवशी संध्याकाळी सगळी गॅलरी निरोपाला. काकीने मोरपिशी साडी नेसली होती आणि मनवाने आणलेले पांढरे बूट घातले होते, जे लपवण्यासाठी ती सारखी निऱ्या खाली ओढत होती. रखमाआजीने डब्यात घावणे बांधून दिले, वर दम दिला, "थंय जावन कोणाच्या घराक पाणी भरू नुको." टॅक्सीत बसताना काकी खिडकीतून म्हणाली, "अनू, पिंप रिकामं आहे गो. रिकामं ठेवून घराबाहेर जाऊ नये, तू जरा—"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "राहू दे तीन दिवस रिकामं. त्यालाही सुट्टी."

काका पुढच्या सीटवर बसले होते. ड्रायव्हरला सांगत होते, "पाच चाव्या सोडून उजवीकडे घे."

दुसऱ्या सकाळी पोचल्याचा फोन आला, संध्याकाळी पोहे-जलेबीचा फोटो आला. फोटोत काकी डोळे मिचकावून हसत होती आणि मागे काका रस्त्यावरच्या झाकणाकडे बघत होते. पण मला त्या फोटोतलं समाधान पुरेना. खरी परीक्षा उद्या सकाळी होती. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी नळावर उभी होते तेव्हा माझं लक्ष कळशीत नव्हतं. रखमाआजी मागून म्हणाली, "जागी असतली काय गो ती?" म्हणजे आजीलाही सगळं माहीत होतं. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं.

सकाळी क्लिनिकला पोचले, पर्स ठेवली, पहिल्या पेशंटबाईंचं नाव लिहून घेत होते तोच फोन वाजला. शिवाकाका.

"अनू." आवाज इतका बारीक की मी घाबरलेच.

"काका? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"हळू बोल."

"मी दादरला आहे हो काका!"

"तरी हळू. मी दाराबाहेर उभा आहे. कमल उठली नाही अजून."

मी समोरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजून वीस मिनिटं.

"मला साडेचारला जाग आली," ते कुजबुजत होते. "म्हटलं आता ही उठणार. पाच वाजले. सहा वाजले. मी हललो नाही, पलंग कुरकुरतो. सातला चहावाला आला, त्याला जिन्यातच अडवला. मग बाहेर येऊन उभा राहिलो, कोणी बेल वाजवू नये म्हणून. अनू, एवढं झोपतात काय गो माणसं? दोनदा आत जाऊन श्वास बघितला."

"चालू आहे ना?" मी विचारलं. मला हसू आवरेना.

"चालू हा. बरो चालू हा."

तेवढ्यात पलीकडे कुठेतरी बादली वाजली आणि काका कोणाला तरी "श्श!" म्हणाले. पुन्हा बोलले तेव्हा आवाज ओला होता.

"तेहतीस वर्सां झाली गो लग्नाक. मी तिका निजलेली कधी बघूकच नव्हतंय. मी निजलंय तेव्हा ती जागी, मी उठलंय तेव्हा ती जागी. आज बघलंय. एक हात असो गालाखाली घेता. तोंड जरा उघडा ऱ्हवता तिचा."

मी गालाला हात लावून तशीच बसले. काउंटरसमोर गाल सुजलेल्या त्या पेशंटबाई बसल्या होत्या, त्यांनी वाकून विचारलं, "तुमचीही दाढ दुखतेय का हो?" मी मान हलवली, डोळे पुसले आणि फोनमध्ये म्हटलं, "मग काका, आज राजवाडा कधी बघणार?"

"ऱ्हवांदे तो राजवाडो," शिवाकाका म्हणाले. "ठेव तू फोन. मी आत जावन बसतंय तिच्याकडे बघत."